मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या घाटातल्या टप्प्याला पर्याय असलेल्या ‘मिसिंग लिंक’ या नव्या रस्त्यासाठी बोगदे खोदण्याऐवजी बोरघाटातला जुना रस्ताच रुंद करता आला नसता का?

माझ्या मते नाही, आणि याचे पहिले कारण खर्चाचे नसून भूमितीचे आहे. मी महामार्गांच्या आखणीच्या क्षेत्रात काम करतो. घाटरस्त्याबद्दल बोलताना ‘दोन मार्गिका वाढवा’ ही सूचना नेहमी येते आणि सपाट प्रदेशात ती बरोबरही असते. डोंगरउतारावर मात्र रस्त्याची रुंदी वाढवायची म्हणजे डोंगर आत कापायचा, आणि जितके आत जावे तितकी कापलेली भिंत उंच होत जाते. समजा, डोंगराचा मूळ उतार साठ अंशांचा आहे आणि कठीण खडकात आपण तो चार मीटर उंचीला एक मीटर आत अशा चढाने कापतो. अशा ठिकाणी रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे भिंतीची उंची सुमारे ३ मीटरने वाढते. दोन मार्गिकांना साडेसात मीटर रुंदी लागते, म्हणजे आधीच उभ्या असलेल्या कापाच्या वर आणखी २२-२३ मीटर उंचीचा उघडा खडक तयार होतो, आणि काढावा लागणारा दगड तर रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुसऱ्या बाजूला सरकावे म्हटले, तर तिथे दरी आहे आणि खंडाळ्याच्या आसपास रेल्वेमार्ग आहे.

हा उघडा पडणारा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. तो थराथरांचा असतो, त्यात उभ्या-आडव्या भेगा असतात आणि काही थरांच्या मधे तांबड्या, मऊ मातीचे पट्टे असतात. लोणावळा-खंडाळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी भेगांत उतरते, मऊ पट्टा भिजतो आणि वरचा सुटा ठोकळा घसरतो. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून वाहतूक ठप्प झाली होती, हे अनेकांना आठवत असेल. खडकात बोल्ट ठोकणे, जाळ्या बसवणे, सिमेंटचा फवारा मारणे हे उपाय आवश्यक आहेत आणि ते केलेही जातात; परंतु ज्या भिंतीची आपल्याला आजच धास्ती वाटते ती स्वतःहून आणखी उंच करणे हा सुरक्षिततेचा मार्ग म्हणता येत नाही.

आता मुळात अडचण काय होती ते पाहू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, म्हणजेच यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग, २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याची लांबी सुमारे ९४.५ किलोमीटर. या सहापदरी मार्गाला खालापूर टोलनाक्याच्या पुढे जुना चौपदरी महामार्ग येऊन मिळतो आणि खंडाळ्याच्या बाहेर पडण्याच्या रस्त्यापाशी पुन्हा वेगळा होतो. मधल्या टप्प्यात दहा मार्गिकांची वाहतूक सहा मार्गिकांवर येते, आणि तीही नेमकी तीव्र चढाच्या, वळणांच्या जागी. भरलेला ट्रक चढावर जेमतेम रांगत असतो, दुसरा ट्रक त्याला ओलांडायला मधल्या मार्गिकेत येतो आणि मागून वेगाने आलेल्या मोटारीला अचानक ब्रेक दाबावा लागतो. जास्त वेगापेक्षाही शेजारी धावणाऱ्या वाहनांच्या वेगांतला हा फरक मला अधिक घातक वाटतो. वळणांचे गणितही निर्दय असते: वाहनाला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ६० ऐवजी ८० च्या वेगाने वळण घेतले की तो पावणेदोन पटींहून अधिक होतो.

रुंदीकरणाविरुद्धचे तिसरे कारण असे की ही सगळी वाहतूक चालू ठेवून त्या भिंतीवर सुरुंग लावता येत नाहीत. अमृतांजन पुलाचे उदाहरण घ्या. १८३० मधल्या त्या पुलाचे खांब द्रुतगती मार्गाच्या अगदी वळणावर उभे होते आणि तिथे रस्ता आवळला जात असे, हे सर्वांना वर्षानुवर्षे ठाऊक होते. तो पाडला गेला एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे रस्ता ओस पडला होता तेव्हा. एका पुलासाठी ही स्थिती, तर अनेक किलोमीटर डोंगर कापण्यासाठी रस्ता किती काळ बंद ठेवावा लागला असता, याची कल्पना करता येईल.

म्हणून नव्या आखणीने घाटाच्या कड्याला वळसा घालण्याऐवजी डोंगराच्या पोटातून जायचे ठरवले. खोपोली ते कुसगाव हे जुन्या मार्गाने सुमारे १९ किलोमीटरचे अंतर नव्या मार्गाने १३.३ किलोमीटर होते. त्यात १.७५ आणि ८.९२ किलोमीटरचे दोन बोगदे आहेत, लांब बोगदा लोणावळा तलावाच्या खालून जातो, आणि टायगर व्हॅली या दरीवर उंच केबल-स्टेड, म्हणजे तारांनी तोललेला, पूल आहे. तीव्र वळणे, दरडींचे कडे आणि दोन महामार्गांची सरमिसळ या तिन्ही गोष्टी एकदम टळतात. वाचणाऱ्या वेळेपेक्षा मला हा लाभ मोठा वाटतो.

एक गोष्ट मात्र बदलत नाही आणि तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये, असे मला मनापासून वाटते. दोन्ही मार्गांची टोके तीच आहेत, त्यामुळे उतरायची उंचीही तेवढीच आहे. ४० टनांचा ट्रक फक्त ३०० मीटर खाली उतरला तरी सुमारे १२ कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या उष्णतेत साधारण साडेतीनशे लिटर पाणी उकळीला येईल. चालकाने खालचा गिअर ठेवला, तर यातला मोठा वाटा इंजिन पेलते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते आणि ब्रेक लागेनासे होतात. जवळजवळ नऊ किलोमीटरच्या बोगद्यात असे वाहन पेटले, तर धूर कोंडून बाकीच्यांचाही जीव धोक्यात येतो. त्यामुळे हवा खेळती ठेवणारे पंखे, शेजारच्या बोगद्यात जाण्याचे आडवे रस्ते आणि उतार सुरू होण्यापूर्वी अवजड वाहनांची ब्रेक-तपासणी या बाबी पुलाच्या उंचीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

लहान कामांचा परिणाम किती होतो, हे याच मार्गावर दिसले आहे. २०१६ मध्ये इथे अपघातांत १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्याच सुमारास ‘झिरो फेटॅलिटी कॉरिडॉर’ ही अपघाती मृत्यू शून्यावर आणण्याची मोहीम सुरू झाली. उघड्या काँक्रीटच्या टोकांपुढे कठडे लावणे, धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त करणे, वेगावर पाळत ठेवणे अशी कामे झाली आणि काही वर्षांत वार्षिक मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत आला.

लोणावळा-खंडाळ्याच्या वाहतुकीसाठी जुना घाट लागणारच आहे. त्यावरचा भार हलका झाला, की एकेक मार्गिका आळीपाळीने बंद ठेवून कड्यांची दुरुस्ती करता येईल, आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकला थांबवण्यासाठी खडीने भरलेली चढती पट्टी बांधायला कुठे जागा निघते, हेही तिथे प्रत्यक्ष मोजून पाहता येईल.