वाचकांचे प्रश्न : वरच्या मजल्यावर वायफाय

प्रश्न : सोलापुरात आमचे चादरींचे दुकान खाली आणि घर वर आहे. राउटर दुकानात असून वरच्या जुन्या डेस्कटॉपला वायफाय नाही. वायफाय पकडण्यासाठी यूएसबी पोर्टला लावायचा अडॅप्टर कोणता घ्यावा?

उत्तर : आपली खरी अडचण मधला स्लॅब ही आहे. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंती आणि स्लॅब ओलांडून ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा लांब पोहोचतात, मात्र पेठेतल्या दाटीत त्या पट्ट्यावर शेजाऱ्यांच्या राउटरांचीही गर्दी असते. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर चालणारा, बाहेर अँटेना असलेला अडॅप्टर घ्यावा. नखाएवढा अडॅप्टर सुबक दिसला तरी संगणकाच्या मागे, पत्र्याच्या कॅबिनेटआड, तो फारसा उपयोगी पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर टेबलावर मोकळा ठेवल्यास पुष्कळदा सिग्नल सुधारतो. खोक्यावरील वेगाच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये, कारण यूएसबी २.० पोर्टची कमाल मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. आपल्या विंडोजच्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारे सॉफ्टवेअर) मिळतो का, हे मात्र पैसे देण्यापूर्वीच विचारावे. जिन्यावरून नेटवर्क केबल वर नेता येत असेल, तर अडॅप्टरऐवजी तीच न्यावी.