लेकरू आजारी अन् घर जागं

सोन्या,

परवा गाडीत तू विचारलंस की बाबा, मला दम लागला की अंबाजोगाईहून आज्जीचा, काकाचा, आत्याचा, सगळ्यांचा फोन का येतो, इथं तर माझा मित्र आजारी पडला तर कुणी घरी जात नाही, उलट त्याला आराम करू द्या म्हणतात. तेव्हा धड सांगता आलं नाही म्हणून लिहितोय.

आपल्या मराठवाड्यात आजारी लेकरू एकट्या आईबापाचं राहतच नाही बघ. मला लहानपणी कफ व्हायचा, छाती घरघरायची, तेव्हा आज्जी तव्यावर ओवा गरम करून फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटाला लावून चटका बसतो का बघायची अन् मग माझी छाती शेकायची. काकू मऊ कण्या शिजवायची, कुणीतरी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायचं, योगेश्वरीला नवस बोललेला असायचा, अन् दवाखान्यात ठेवलं तर खेड्यावरून पाव्हणे एसटीनं डबा घेऊन हजर. ओव्यानं दमा जात नाही, दृष्ट काढून तर नाहीच, तुझा दम्याचा पंप आधी, हे आज्जीलाही पटलंय. पण रात्री डोळा उघडला की उशाशी कुणीतरी बसलेलं असायचं अन् निम्मी भीती तिथंच जायची.

आता तुझ्या शाळेत शिकवलेला तो थिओडोर रूझवेल्ट, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता तो. वर्कशीटवर एवढंच होतं की आजारी मुलगा होता, व्यायाम केला, राष्ट्राध्यक्ष झाला. मला ते वाचून चुटपुट लागली, कारण त्यात त्याचं घरच नाही!

१८५८ साली न्यूयॉर्कात जन्मला, घरात त्याला टीडी म्हणायचे. दमा असा की रात्री आडवं होता यायचं नाही, बसून श्वास ओढत राहायचा. तेव्हा पंप-बिंप काही नव्हता, कडक काळी कॉफी पाजायचे, चक्क सिगार ओढायला लावायचे, एवढ्याशा पोराला! वडील काचेच्या व्यापारातले श्रीमंत, नोकरचाकर असलेले, पण रात्री स्वतः लेकराला हातावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालायचे, अन् तेवढ्यानं भागलं नाही तर घोडागाडी जुंपून त्याला रात्रीच्या रस्त्यांवरून फिरवून आणायचे, का तर वारा लागावा, छातीत हवा जावी. मोठेपणी रूझवेल्टनं लहानपणची आठवण म्हणून लिहिलं ते हेच, रात्री वडलांच्या हातावर असल्याचं.

अन् घर भरलेलं. आईची आई अन् मावशी त्याच घरात राहायच्या, तब्येतीमुळं शाळा नीट होत नव्हती तर मावशीच शिकवायची, तिच्या जॉर्जियाकडच्या, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यातल्या, गोष्टी सांगायची. थोरल्या बहिणीला पाठीच्या कण्याचं दुखणं. त्यात अमेरिकेत उत्तर अन् दक्षिणेकडच्या राज्यांचं यादवी युद्ध, आई दक्षिणेकडची, वडील उत्तरेच्या बाजूचे, तरी घर मोडलं नाही.

मग साधारण बारा वर्षांचा झाल्यावर त्याच वडलांनी त्याला सांगितलं की डोकं तुझ्याकडं आहे पण शरीर नाही, अन् शरीराच्या साथीशिवाय डोकं जावं तितकं लांब जात नाही, ते तुलाच कमवावं लागणार. घराच्या मागच्या ओसरीवर व्यायामाचं सगळं सामान बसवून दिलं. पुढं एका प्रवासात दोन पोरांनी त्याला छळलं तेव्हा तो बॉक्सिंगही शिकायला लागला. मला वाटतं ज्यानं रात्र रात्र हातावर घेतलं त्यानं सांगितलं म्हणून ते पोराच्या मनात उतरलं, परक्यानं सांगितलं असतं तर नुसतं टोचलं असतं. १८७८ ला वडील गेले, अवघे ४६ वर्षांचे, तेव्हा हा हार्वर्डला शिकत होता. १९०१ मध्ये ४२ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला, त्याच्याएवढ्या लहान वयात अजून कुणीच झालेलं नाही, पण ते बघायला वडील नव्हते, याचं मला फार वाईट वाटतं.

तर आज्जीचा फोन आला की 'आय एम फाइन' म्हणून लगेच आईकडं देऊ नको. पीक फ्लो, म्हणजे नळीत जोरात फुंकून मोजतो तो श्वासाचा आकडा, किती आला ते सांग, स्विमिंगला दम लागला का ते सांग, तिला हे सगळं ऐकायचं असतं. अन् जेवलास का विचारलं तर नुसतं हो नको म्हणू, काय खाल्लं तेही सांग.

तुझा बाबा