फ्री लायसन्सचं आर्ट आणि म्युझिक वापरून बनवलेला गेम विकता येतो का? लोक तो आपला मानतील का?

तुम्ही दोघं मित्र मिळून गेम करताय आणि त्यात जुना अभंगही घ्यायचाय असं लिहिलंय. प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचून लिहायला बसले, कारण "फुकटचं आर्ट वापरलं तर गेम आपला राहत नाही" या एका वाक्यावरून माझी आणि माझ्या तेव्हाच्या पार्टनरची पार्टनरशिप मोडली.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, विकता येतो. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सची तयार लायसन्सं. सीसी झीरो (काहीच अट नाही), सीसी बाय (मूळ कलाकाराचं नाव द्यायचं), सीसी बाय-एसए (नाव द्यायचं आणि बदललेलंही त्याच लायसन्सखाली द्यायचं), तिन्हींवर पैसे घेता येतात. एनसी, म्हणजे पैसे कमवायला मनाई, दिसलं की ते सोडून द्या, आणि "गेम तर फुकट आहे, फक्त ॲड लावल्यात" असलं काही स्वतःला समजावू नका, ॲडचे पैसे हे पैसेच. एनडी, म्हणजे बदल करायला मनाई, ते पण नको, कारण काहीही न बदलता दुसऱ्याचं आर्ट आपल्या गेममध्ये बसत नाही.

गेम चीप दिसतो तो आर्ट फुकटचं आहे म्हणून नाही, पाच जणांचं पाच तऱ्हेचं आर्ट एकत्र कोंबलं म्हणून. बटणं केनी या फुकट आर्ट देणाऱ्या साइटच्या पॅकमधली गुळगुळीत, माणसं पिक्सेलची, मागे रंगवलेला डोंगर, असं केलं की कुणालाही कळतं. एकच सेट घ्या आणि जे कमी पडेल ते त्याच मापात, त्याच रंगांत स्वतः काढा. यात मेहनत आहे, आणि माझ्या मते गेम तिथेच तुमचा होतो.

आम्ही एलपीसी म्हणजे लिबरेटेड पिक्सेल कप घेतलं होतं. 2012 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि ओपनगेमआर्ट (गेमचं फ्री आर्ट ठेवणारी साइट) यांनी मिळून स्पर्धा घेतली होती त्यातून आलेला सेट, 32 पिक्सेलच्या टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे), प्रकाश कुठून येतो, बाह्यरेषा कशी काढायची याची स्टाइल गाइड तयार, त्यामुळे दहा जणांनी काढलं तरी एकाच हातचं वाटतं. आमचा गेम घाटमाथ्यावरच्या गावांत निरोप पोचवणाऱ्या बाईचा. शरीर तयार मिळालं, पण कपडे सगळे युरोपातल्या जुन्या काळातले. नौवारी कुठून मिळणार? मग मी काढली, त्यांच्याच स्कर्टच्या आणि पँटच्या फ्रेम खाली धरून. चालण्याच्या एका दिशेला 9 फ्रेम, दिशा चार, म्हणजे नुसतं चालायला 36. पाठीमागून काष्टा खोचलेला दिसला पाहिजे, पाऊल पुढे गेलं की पोटरीवरचा काठ हलला पाहिजे, पदर कमरेला खोचलेलाच ठेवावा लागतो नाहीतर हाताच्या फ्रेमशी भांडतो, आणि हे सगळं 64 बाय 64 च्या चौकटीत, जिथे काठाला जेमतेम एक पिक्सेल मिळतो. रात्र रात्र बसून केलंय हे.

साडी झाल्यावर पार्टनर म्हणाला ही आपली आहे, पॅक करून विकू. मी म्हटलं विक की, पण लायसन्स बाय-एसएच राहणार कारण ती त्यांच्या फ्रेमवर काढलीय, आणि विकत घेणारा उद्या ती दुसऱ्याला फुकट देऊ शकतो. त्याला हे पटेचना. आपण काढलेलं लोकांना का द्यायचं, हा त्याचा प्रश्न. मग क्रेडिट्सवर आला. एवढी लांबलचक नावं स्क्रीनवर आली की गेम शाळेच्या प्रोजेक्टसारखा दिसतो, काढून टाकू, कोण बघतंय. आता हे नुसत्या सभ्यतेचं नाही. आमच्या फाइल्स लायसन्सच्या 3.0 आवृत्तीच्या होत्या आणि 3.0 मध्ये अट मोडली की लायसन्स आपोआप संपतं. 4.0 मध्ये निदान चूक कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केलं तर हक्क परत मिळतो, 3.0 मध्ये तशी सोय नाही. म्हणजे नावं काढली असती तर विकणार होतो तो गेम सरळ चोरीचा झाला असता. हे मी त्याला तेव्हा मेलवर लिहून दिलं होतं.

साडीचं शीट मी ओपनगेमआर्टवर टाकलं, मूळ सगळ्यांच्या नावांसकट. काही महिन्यांनी ओळख ना पाळख अशा परदेशातल्या एका आर्टिस्टने त्यात काठीने मारण्याच्या आणि खाली पडण्याच्या फ्रेम काढून तिथेच परत टाकल्या, त्याच लायसन्सखाली. नौवारी कधी प्रत्यक्ष बघितली असेल की नाही कोण जाणे, पण काष्टा बरोबर काढला होता. त्या फ्रेम आमच्या गेममध्ये आहेत. तोवर पार्टनर निघून गेला होता, गेम मी एकटीने पूर्ण केला. तो अजूनही ओळखीच्यांत सांगतो की त्यात आपलं काही नव्हतं. वेस्नॉथ हा गेम 2003 पासून चाललाय, झिरो ए.डी. हा गेमही चालू आहे, दोन्हींचं आर्ट फ्री लायसन्सचंच आहे, ते गेम कुणाचे नाहीत म्हणायचं का मग?

म्युझिकचं थोडक्यात. केविन मॅक्लाउड या संगीतकाराच्या ट्यून छान आहेत, सीसी बायच्या आहेत, पण इतक्या ठिकाणी वाजल्यात की खेळणारा लगेच ओळखतो, निदान टायटल स्क्रीनला तरी दुसरं काही शोधा. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवर प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं, तिथे एनसीच्या फाइलही भरपूर आहेत, फिल्टर लावूनच शोधा. आणि तुम्ही विचारलंय तसा जुना अभंग घ्यायचा असेल तर शब्द तुकोबांचे म्हणून मोकळे आहेत, पण चाल एखाद्या संगीतकाराची असेल तर त्याच्या निधनानंतर 60 वर्षं आणि रेकॉर्डिंग प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं हक्क राहतात. कुणाकडून तरी पारंपरिक चालीत नव्याने गाऊन घ्या, परवानगी लेखी घ्या. बाय-एसएचं म्युझिक ट्रेलरला लावलंत तर तो ट्रेलरही बाय-एसएच होतो, कारण चित्राला जोडलेलं संगीत हे त्या लायसन्समध्ये रूपांतर धरतात.

मी वकील नाही हे आधीच सांगायला हवं होतं. बाय-एसए आर्टमुळे तुमचा कोडही उघडा करावा लागतो असं मी मानत नाही, बहुतेक जण मानत नाहीत, पण जीपीएल, म्हणजे मुळात सॉफ्टवेअरसाठीचं फ्री लायसन्स, त्याच्या आर्टबाबत मत एक नाही, म्हणून एलपीसीसारखे सीसी आणि जीपीएल असे दोन पर्याय असतील तिथे सीसीवालं निवडा. आयफोनवर टाकणार असाल तर डीआरएमची, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप लावायचं नाही ही, अट आडवी येते, सीसी बायमध्येसुद्धा, तिथे ओजीए-बाय (ओपनगेमआर्टचं ही अट नसलेलं लायसन्स) किंवा सीसी झीरो बघा नाहीतर आर्टिस्टला विचारा, बरेचजण हो म्हणतात. कधी कधी अपलोड करणाऱ्याने दुसऱ्याचंच उचलून टाकलेलं असतं, त्याचं बाकीचं काम एकदा चाळून घ्या.

तुम्ही दोघं मित्र मिळून करताय असं प्रश्नात लिहिलंय. मग पहिली टाइल उतरवायच्या आधी दोन गोष्टी मेलवर ठरवा, क्रेडिट्समध्ये सगळी नावं राहणार आणि आपण बदललेल्या फाइल्स लायसन्सप्रमाणे परत टाकणार. मित्राने यातल्या एकालाही "बघू नंतर" म्हटलं तर त्याच्यासोबत गेम करू नका.