पाऊच सुजलं म्हणजे आजार परत आला का?

साताऱ्याकडचे एक गृहस्थ आले होते, वय ३६, नाव-गाव अर्थात बदललंय. चार वर्षांपूर्वी अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) मोठं आतडं काढलं, काही महिने पोटावर बॅग होती, मग लहान आतड्याच्या टोकाची पिशवी, म्हणजे जे-पाऊच, करून ती गुदद्वाराला जोडली आणि बॅग बंद केली. "मॅडम, आजार परत आलाय, आईचे दागिने मोडून केलेलं ऑपरेशन वाया गेलं", हे पहिलंच वाक्य.

त्यांनी कॅलेंडरचं पान काढून दाखवलं. मागे बायकोचा दुधाचा हिशोब आणि त्याच्या खाली ह्यांच्या पेन्सिलच्या बारीक रेघा, रोजच्या टॉयलेटच्या. आधी सहा-सात असायच्या, आता तेरा-चौदा, त्यातल्या तीन-चार रात्रीच्या. दीड महिना हे चाललंय आणि घरात कुणालाच माहीत नाही, बायको विचारायची ह्या कसल्या रेघा, तर म्हणे ऑफिसचं काहीतरी.

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की इथे लिहूनच टाकते. मोठं आतडं गेलं की त्यातला कोलायटिस गेला हे खरंय, पण पाऊच हा लहान आतड्याचा तुकडा, त्याला हे काम नवीन, आणि त्याला सूज येते, त्याला पाऊचायटिस म्हणतात. पाऊचवाल्यांपैकी साधारण निम्म्यांना कधी ना कधी होतोच, बहुतेकदा दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने बसतो. पण म्हणून जुनी गोळी काढून स्वतःच घेऊ नका, कधी पाऊचचा जोड अरुंद झालेला असतो, कधी गुदद्वाराजवळ उरलेल्या जुन्या आतड्याच्या पट्टीला सूज असते, क्वचित क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) निघतो, ते दुर्बिणीतूनच कळतं.

मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. जावं लागू नये म्हणून ह्यांनी पाणीच कमी केलं होतं! अहो, पाणी-मीठ शोषणारं मोठं आतडंच नाही, वर पाणी तोडलं तर चक्कर येणार, पुढे मुतखडाही होऊ शकतो. नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ घातलेलं ताक, ओआरएस असं लागतं.

आणि सगळं लपवलं का, तर "आता तू कायमचा बरा" असं ऑपरेशननंतर सांगितलं होतं. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही, पेशंट पुढे चार वर्षं बरं असल्याचं नाटक करत बसतो.

त्याच दिवशी बायकोला आत बोलावलं. त्या पानाकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाटलं उधारी चाललीय कुणाची."

दुर्बिणीत पाऊचायटिसच निघाला, औषधाने रेघा सातवर आल्या. आठ महिन्यांनी पुन्हा झालं, तेव्हा फोन आला, "डॉक्टरांकडे कालच जाऊन आलो, तुम्हाला फक्त कळवतोय."