तोंड उघडा, असं कोणी म्हणालंच नाही

प्रश्न : डॉक्टर, मला अकरा वर्षं मधुमेह आहे. डोळ्यांचा पडदा, पाय, लघवी सगळं वेळच्या वेळी तपासतात. गेल्या महिन्यात खालचा दात हलून हातात आला. दंतवैद्य म्हणाले, हिरड्या बऱ्याच वर्षांपासून खराब असणार. मग इतक्या वर्षांत माझ्या तोंडात कोणी का पाहिलं नाही? दात काय शरीराबाहेर असतात?

उत्तर : ताई, दात शरीरातच असतात, तुमच्या तपासणीच्या कार्डात नसतात. माझ्या खुर्चीवर तुमच्यासारखे रुग्ण नेहमी येतात. हिरडी आणि दाताच्या फटीत आम्ही खुणांची बारीक सळई सरकवतो. निरोगी हिरडीत ती तीन मिलिमीटरवर अडते. अशा रुग्णांत पाच, सहा, कधी आठपर्यंत आत जाते आणि बाहेर येताना रक्त घेऊन येते. दुखत मात्र नाही, म्हणून माणूस ब्रश बदलून बघतो.

मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर खाली येऊ देत नाहीत. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) सरासरी ०.४ ने उतरतं. तरी मधुमेहाच्या आणि दातांच्या डॉक्टरांची गाठ पडत नाही. आम्हीही निर्दोष नाही, दात काढायचा नसेल तर शुगर विचारायची राहूनच जाते.

ही फारकत जुनी आहे. दंतवैद्यकाचं पहिलं स्वतंत्र कॉलेज १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला निघालं, पुढे विमा आणि सरकारी खर्चही बहुतेक ठिकाणी वेगळेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०२१ मध्ये ठराव केला, की तोंडाचे आजार मधुमेह-हृदयविकारांच्या कार्यक्रमांतच धरावेत. त्याच वर्षी फ्लोराइडची टूथपेस्ट आणि किडीवर लावायचं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. किडीच्या या औषधाला ड्रिल लागत नाही. किडलेला भाग काळा पडतो, पण कीड बहुधा तिथेच थांबते. शिकवलं तर परिचारिकाही लावू शकते. दवाखान्यांच्या नव्या इमारतींपेक्षा मला हेच महत्त्वाचं वाटतं. मधुमेहाच्या कार्डावर ‘हिरड्या’ असा एक रकाना छापायला किती शाई लागते?

तोवर तुम्ही सळईचे आकडे दंतवैद्यांकडून लिहून घ्या आणि पुढच्या वेळी शुगरच्या डॉक्टरांसमोर ठेवा. कार्डात जागा नसेल तर समासात लिहायला सांगा.