औषध घेतलं की थांबतं, महिन्याभरात खाज आणि पांढरं जाणं परत सुरू. काय करू?

ताई, आधी एक विचारते: आजवर कुणी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलंय का? मला नव्हतं तपासलं. २०२१ मध्ये वर्षभरात पाच वेळा हाच त्रास झाला, रात्र रात्र खाज. दर वेळी मेडिकलमधून फ्लुकोनॅझोलची, म्हणजे बुरशीवरची, एक गोळी, तीही नवऱ्याला पाठवून, कारण दुकानात चार माणसांसमोर सांगायची लाज. शिवाय सुगंधी वॉशने आतून धुणं चालूच. त्याने आतले चांगले जिवाणू कमी होतात हे फार उशिरा कळलं. बाहेरून साधं पाणी पुरतं.

सहाव्या वेळी एका डॉक्टरबाईंनी स्वॅब, म्हणजे आतल्या स्रावाचा कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना, लॅबला पाठवला. दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट जातं, वास फारसा नाही, खाज भयंकर, तर बहुतेक बुरशी. पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास असेल तर बहुतेक बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे आतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं. त्यावर बुरशीची गोळी कितीही खाल्ली तरी उपयोग नाही, मेट्रोनिडॅझोलसारखं औषध लागतं. ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा परजीवी) निघाला तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर तुम्ही बऱ्या होऊन पुन्हा तिथेच. नुसत्या लक्षणांवरून डॉक्टरही चुकतात, म्हणून स्वॅब.

माझ्या रिपोर्टात कॅन्डिडा, म्हणजे बुरशीच, आली. सोबत सांगितलेल्या रक्ततपासणीत एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.४! म्हणजे मधुमेह, आणि मला पत्ताच नाही. साखर वाढलेली असली की बुरशीला आयतंच खाद्य मिळतं. मग १५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, दर तिसऱ्या दिवशी एक, आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक. दुसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून मी शहाणपणा करून थांबवल्या, आणि तीन आठवड्यांत मूळपदावर. पुन्हा पहिल्यापासून. (हे माझं औषध, तुमचं डॉक्टर ठरवतील. दिवस गेले असतील तर ही गोळी घेऊच नका.)

दह्यात बुडवलेला कापूस, लसणाची पाकळी वगैरे आत ठेवायचे सल्ले मिळतील, नको. स्वॅबच्या आधी दोन-तीन दिवस क्रीम किंवा आत ठेवायची गोळीही नको. ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मागच्या पावसाळ्यात मला परत थोडी खाज सुटली. या वेळी मेडिकलकडे न जाता आधी साखर तपासली. उपाशीपोटी १९० होती, म्हणजे बरीच वाढलेली.