साध्या पॉवर पॅकवर साउंडवालं इलेक्ट्रिक इंजिन: आधी आवाज येऊ द्या, मग गाडी हलवा

भाऊ, तुमचं म्हणणं असं की भाच्याने अमेरिकेहून एचओ स्केलचं (मॉडेल रेल्वेचा एक आकार) साउंडवालं इलेक्ट्रिक इंजिन आणलं, तुमच्याकडे ओळखीतून मिळालेला साधा नॉबवाला पॉवर पॅक (रुळाला करंट देणारा डबा) आहे, नॉब अर्ध्यापर्यंत नेला तरी इंजिन ढिम्म, मग एकदम आवाज सुरू आणि लगेच पळत सुटतं. हॉर्न कसा वाजवायचा तेही विचारलंय, आणि भाचा पुढच्या खेपेला तिकडचाच पॅक आणतो म्हणतोय, तर आणू द्यावा का.

इंजिन बिघडलेलं नाही, आधी निर्धास्त व्हा. तुम्ही सांगितलं ते सगळं डीसीवर, म्हणजे साध्या पॅकच्या एकाच दिशेच्या करंटवर, चालणाऱ्या साउंड इंजिनाचं नॉर्मल वागणं आहे.

साध्या इंजिनात रुळातला करंट सरळ मोटरला जातो म्हणून ते दोन-तीन व्होल्टलाच सरकायला लागतं. तुमच्या इंजिनात मधे डिकोडर, म्हणजे छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट, बसलाय, मोटर, लाइट, स्पीकर सगळं त्याच्या ताब्यात. हा डिकोडर मुळात डीसीसीसाठी (मॉडेल गाड्यांचा डिजिटल कंट्रोल) बनलेला, तिथे रुळावर कायम १४-१५ व्होल्टच्या आसपास पुरवठा असतो आणि वेग-हॉर्नचे हुकूम डिजिटल सिग्नलमधून येतात. साध्या पॅकवर मात्र एकाच नॉबच्या व्होल्टेजमधून त्याला स्वतः जागं व्हायचंय, आवाज काढायचाय आणि मोटरही फिरवायचीय. त्यामुळे साधारण पाच-सहा व्होल्टपर्यंत काहीच होत नाही, मग आवाज येतो, आणि सात-आठच्या पुढे चाकं फिरतात. आकडे डिकोडरप्रमाणे थोडे मागेपुढे होतात, क्रम हाच राहतो.

आपल्या भागात भुसावळ-इगतपुरी लाइन पाहिलेल्यांना हे लवकर समजेल. इगतपुरीच्या पलीकडे मुंबईकडे पूर्वी १५०० व्होल्ट डीसी होतं आणि अलीकडे २५००० व्होल्ट एसी, डब्ल्यूसीएएम-३ इंजिन दोन्हींवर चालायचं, पण एसीत त्याची ताकद ५००० हॉर्सपॉवर आणि डीसीत ४६००. तुमचं मॉडेलही तसंच डीसी आणि डीसीसी दोन्हींवर चालतं, फक्त डीसीवर ते सगळंच देणार नाही.

आता चालवायचं कसं. नॉब शून्यावरून हळू हळू वर न्या, आवाज सुरू झाला की तिथेच थांबा, घाई नका करू. ब्लोअर (इंजिन थंड ठेवणारा पंखा), कॉम्प्रेसर जे काही त्यात रेकॉर्ड केलंय ते नीट चालू होऊ द्या आणि मग अगदी केसभर पुढे न्या. ज्या ठिकाणी आवाज येतो आणि ज्या ठिकाणी चाक हलतं, त्या दोन्ही जागांवर नॉबच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, या दोन खुणांच्या मधली जागा म्हणजे तुमचं स्टेशन. गाडी स्टेशनात थांबवायची तर नॉब शून्यावर नेऊ नका, फक्त दुसऱ्या खुणेच्या खाली आणा, गाडी उभी राहते आणि आवाज चालू राहतो. भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या इंजिनाचा ब्लोअर घोंगावत असतो ना, साध्या पॅकवर तो आनंद एवढ्याच पट्ट्यात मिळतो आणि तो मिळवण्यासारखा आहे. मला तर गाडी पळवण्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

दिशा बदलायची तर आधी पूर्ण थांबा, मग स्विच. हॉर्नचं म्हणाल तर बहुतेक डिकोडरमध्ये डीसीवर तो हाताने वाजवता येत नाही. क्यूएसआय कंपनीच्या क्वांटमसारख्या काही डिकोडरमध्ये चालत्या गाडीत दिशेचा स्विच झटकन उलट-सुलट केला की हॉर्न वाजतो, पण तुमच्या मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच करा, नाहीतर धावत्या गाडीत स्विच उलटवू नका. आणि त्याच रुळावर दुसरं साधं इंजिन ठेवू नका, हे जागं व्हायच्या आत ते निघून गेलेलं असेल. पँटोग्राफची (छतावरचा, वरच्या तारेला टेकणारा सांगाडा) काळजी नको, करंट रुळातूनच येतो. काही मॉडेलमध्ये रूळ की वरची तार हे निवडायचा छोटा स्विच असतो, असलाच तर तो रुळावर आहे का तेवढं बघा.

आता महत्त्वाचं, पॉवर पॅक. जुन्या पॅकवर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं पण त्यात नुसता ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) असेल, लाटा सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर नसेल, तर ते १२ म्हणजे सरासरी असते, लाटेचं टोक त्याच्या १.५७ पट म्हणजे जवळपास १९ व्होल्टपर्यंत जातं. मोटरला त्याचं काही वाटत नाही, डिकोडरला मात्र ते टोकच दिसतं. म्हणून मॅन्युअलमध्ये कमाल व्होल्टेज किती दिलंय ते आधी वाचा आणि नॉब कधी पूर्ण शेवटपर्यंत नेऊ नका. पल्स देणारे पॅक, म्हणजे स्लो स्पीडसाठी तुकड्या-तुकड्यात व्होल्टेज सोडणारे, ते साउंड इंजिनाला अजिबात लावू नका, डिकोडर गोंधळतो आणि तापतो.

भाचा तिकडून पॅक आणणार असेल तर त्याला आधी लेबल वाचायला सांगा. १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो गेला की जळालाच समजा. पिनांचा आकार बदलणारा अडॅप्टर मिळतो त्याने फक्त पिना बदलतात, व्होल्टेज नाही, लोक इथेच फसतात. २३० चं ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि ५० हर्ट्झवर तो पॅक थोडा जास्त गरम होतो हेही धरून चाला. त्यापेक्षा लेबलवर १०० ते २४० लिहिलेला असेल तरच आणू द्या. लाइट गेली की लगेच नॉब शून्यावर आणा, आपल्याकडे ती कधी परत येईल सांगता येत नाही आणि आली की गाडी सुसाट सुटते. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाला पॅक गुणगुणतो, तापतो, तेही टाळा.

धुळीचं वेगळं सांगतो कारण खान्देशात तो मोठा विषय आहे. साधं इंजिन घाणेरड्या रुळावर जरा अडखळतं, साउंडवाल्याचा क्षणभर संपर्क तुटला की आवाज बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि लोकांना वाटतं डिकोडर गेला. रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा, वाळले की मगच चालवा. एप्रिल-मेच्या दुपारी बंद खोलीत तासभर सलग चालवू नका, त्या बॉडीत हवा खेळायला जागा नसते.

हे सगळं करूनही आवाज अजिबात येतच नसेल तर डीसी मोड बंद केलेला असू शकतो. ती सेटिंग सीव्ही २९ मध्ये असते (सीव्ही म्हणजे डिकोडरच्या सेटिंगचा नंबर), तिथे ४ ची किंमत मिळवलेली असली की डीसी चालू. पण ती साध्या पॅकवरून बदलता येत नाही, कुणाचा तरी डीसीसी कंट्रोलर थोड्या वेळासाठी मागावा लागेल. तो मिळालाच आणि डिकोडर ईएसयू कंपनीचा लोकसाउंड असेल तर सीव्ही १२५ म्हणजे डीसीवर चाक कधी हलायचं ते व्होल्टेज, ते थोडं वाढवून घ्या, म्हणजे तुमच्या दोन खुणांमधलं अंतर वाढतं आणि स्टेशनवर गाडी आरामात उभी राहते. फक्त डीसीसी आणि तुमचा पॅक एकाच रुळाला एकाच वेळी जोडू नका, दोन्ही जातील.

माझं मत विचारलं तर महागडा डीसी पॅक घेण्यात पैसे घालू नका. या वर्षी आहे त्यावर चालवा, खुणा करा, इंजिन समजून घ्या. पुढे पैसे जमले की थेट छोटा डीसीसी स्टार्टर सेट घ्या, तेव्हा हॉर्न, लाइट, पँटोग्राफचा आवाज सगळं हातात येईल.

आता एवढं करा, पॅकच्या लेबलचा फोटो आणि इंजिनाच्या डब्यावर डिकोडरचं नाव काय आहे ते टाका, म्हणजे कुठपर्यंत नॉब न्यायचा ते नेमकं सांगता येईल. तोवर चाक हलायच्या खुणेच्या फार पुढे नेऊ नका.